तीस गुणांचा रकाना

आमच्या कॉलेजच्या जिमखान्याच्या खोलीत कबड्डी संघाचे अठरा फोटो आहेत, दर वर्षाचा एक. मी ते मोजले आहेत आणि प्रत्येकात कोण उभं आहे, कोण बसलं आहे तेही नीट पाहिलं आहे. बाळाराम हरड या अठरा फोटोंपैकी एकातही नाहीत. एका फोटोच्या उजव्या कडेला कुणाचा तरी कोपर आणि पाण्याच्या बाटलीचं निळं बूच दिसतं. तो कोपर त्यांचा. हे फोटो त्यांच्या काळातले, अठराही वर्षं ते संघाबरोबर होते; त्यांच्यानंतरचे मी मोजत नाही.

कॉलेज मुरबाडचं. मी तिथे वाणिज्य शाखेला संख्याशास्त्र शिकवतो. कबड्डी मी आयुष्यात खेळलेलो नाही. पण माझं अक्षर चांगलं आणि मी भरलेला अर्ज कधी परत येत नाही, म्हणून बारा वर्षांपूर्वी मला जिमखाना समितीचा चिटणीस केलं. तेव्हापासून संघ बाहेरगावी गेला की व्यवस्थापक म्हणून मी बरोबर जातो. ओळखपत्रं, प्रवेशिका, वयाचे दाखले, गुणपत्रकं ही माझी कामं. खेळाचं काम गोसावी सरांचं, ते मुख्य प्रशिक्षक. आणि बाळाराम हरड यांच्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलं होतं 'मैदान सहायक'.

त्यांना प्राचार्यांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे मामा म्हणत. ते वैशाखऱ्याच्या पुढच्या एका वाडीतून सकाळच्या पहिल्या एसटीने येत. बुटके, मान जाड, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. उजव्या हाताची दोन बोटं पकडीत कधीतरी मोडली होती, ती वाकडीच जुळली होती. चपला ते मैदानाच्या रेषेबाहेर काढत आणि रेषा आखायलाही अनवाणीच आत जात. त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली मी ऐकली नाही. बैलाला थांबवताना करतात तसा जिभेने एक आवाज काढायचे, आणि चौदा पोरं जागच्या जागी थांबायची.

मामा माणसाच्या तोंडाकडे फार बघत नसत, पायाकडे बघत. आमची ओळख झाली त्या दिवशी मी त्यांना माझं नाव सांगितलं, तर ते म्हणाले, "सर, तुमचा उजवा बूट आतल्या अंगाने झिजतो. गुडघा दुखतो का?"

गुडघा दोन वर्षं दुखत होता. मी बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

"तोंड काय पण सांगतं, सर," मामा म्हणाले. "पायाला सांगता नाय येत."

नवी पोरं निवडताना गोसावी सर उंची, वजन, छाती लिहून घेत. मामा त्या पोराला कॉलेजच्या मागच्या शेतात नेत आणि बांधावरून चाळीस पावलं चालायला लावत. अट एकच, खाली बघायचं नाही. परत आल्यावर सरांच्या कानाशी दोन शब्द. सर मान डोलवत आणि यादीत नाव घालत किंवा गाळत. मी चिटणीस असताना सरांनी मामांचं ऐकलं नाही असं दोनदाच झालं. दोन्ही वेळा मामाच बरोबर निघाले असं मी म्हणणार नाही. एकदा ते चुकले होते. त्यांनीच मला येऊन सांगितलं, "त्या पोराबद्दल मी चुकलो. सरांना दिसलं ते मला नाय दिसलं."

आवणीच्या दिवसांत, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत, पोरं सरावाला येत नसत. घरी शेत, आई-बाप चिखलात, मग पोरगा कबड्डी कशी खेळणार? गोसावी सर जुलैत सुट्टीच देत. मामांनी एका वर्षी सरांची परवानगी घेतली आणि सगळ्या संघाला आपल्या वाडीत बोलावलं. कुतूहलाने मीही गेलो. चौदा पोरं गुडघाभर चिखलात वाकलेली, आणि मामा बांधावर उभे राहून त्यांच्या कमरेकडे बघतायत.

संतोष नावाचा पोरगा तेव्हा कर्णधार होता, डावा कोपरा सांभाळायचा. त्याचं तोंड सगळ्यात मोठं.

"मामा, ही प्रॅक्टिस हाय का मजुरी?"

"तू कोपऱ्यात खेळतो ना रे? मागं सरकताना तू ताठ होतो. आवणी पण मागं सरकतच करतात. इथं ताठ होऊन दाखव बघू."

"पण मामा, रोप काय पळून जात नाय. रेडर पळतो."

"आधी रोप तर धर. समोर बघ, अर्धी तरंगाय लागली तुझी."

संतोषने समोर पाहिलं. खरोखरच त्याची ओळ पाण्यावर तरंगत होती. बाकीचे इतके हसले की दोघं चिखलात बसले.

त्या दुपारी पोरांनी आपसात कुरकुर केली की मामाने आपली आवणी फुकटात उरकून घेतली. दुसऱ्या दिवशी मामा संतोषच्या शेतावर हजर. सगळा संघ घेऊन. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पोराच्या शेतावर. गावात सावड करतात, आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे, तशी त्यांनी संघाची सावड लावली. ज्यांना शेत नव्हतं त्यांच्यापैकी एकाच्या घराचं छप्पर शाकारून दिलं आणि एकाच्या अंगणाची भिंत उचलली. पोरांच्या घरचे आडवे यायचे बंद झाले. त्या वर्षापासून जुलैत संघ कधी सुटला नाही. जिमखान्याच्या वार्षिक अहवालात मी या उपक्रमाला 'पावसाळी शारीरिक क्षमता शिबिर' असं नाव दिलं आणि मार्गदर्शक म्हणून गोसावी सरांचं नाव लिहिलं. मामांनीच तसं सांगितलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सामन्यात बाजूला दोन खुर्च्या असत. पहिलीवर गोसावी सर, दुसरीवर मी, मांडीवर वही. मामा खुर्चीच्या पलीकडे उकिडवे बसत, हातात पाण्याची बाटली. अर्ध्या मिनिटाचा विश्राम मिळाला की पोरं सरांभोवती जमत. सर बोलत, पोरं नीट ऐकत. मग मामा बाटली पुढे करत आणि ज्याच्या हातात देत त्याला एखादा शब्द सांगत. "टाच." "उजवीकडं." "दम धर." मी सगळ्या सामन्यांचे गुण मिनिटागणिक लिहून ठेवले आहेत. पण कुणी काय सांगितलं याचा रकाना माझ्या वहीत कधी नव्हता.

गोसावी सर निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना आजारी पडले. कल्याणला दवाखान्यात होते आणि चार दिवसांवर शहापूरची आंतर-महाविद्यालयीन स्पर्धा. मी सरळगाव-किन्हवली रस्त्याने शहापूरला जाऊन प्रवेशिका आणली. तिच्यावर छापलं होतं: मुख्य प्रशिक्षक, प्रमाणपत्र क्रमांक, सही. आणि खाली तळटीप, नाव दिलेल्या प्रशिक्षकाने उपस्थित असणं आवश्यक.

मी मामांना विचारलं, "तुमचं नाव घालतो. प्रमाणपत्राचं काय ते मी आयोजकांशी बोलतो."

मामा म्हणाले, "नको सर. सरांचंच घाला. माणूस आजारी पडला म्हणून नाव काढलं तर त्यांना काय वाटंल?"

मला ते सोयीचं होतं. आयोजकांशी बोलायचं म्हणजे पत्र, मग त्यावर उत्तर, कदाचित नकार. मी गोसावी सरांचं नाव घातलं, त्यांचा क्रमांक घातला, आणि सहीच्या जागी त्यांची सही मीच केली. माझ्या नोकरीत मी केलेला तेवढा एकच खोटा कागद. तेव्हा तो मला खोटा वाटलाही नाही, सौजन्य वाटलं.

तीन दिवस संघ मामांनी चालवला. पहिल्या खुर्चीवर ते बसले नाहीत. तिच्यावर त्यांनी आपली छत्री ठेवली आणि शेजारी उकिडवे बसले. मी म्हटलं, "बसा की वर." ते म्हणाले, "सरांची खुर्ची हाय ती."

अंतिम सामना यजमान संघाशी. मध्यंतराला आम्ही नऊ, ते सतरा. त्यांचा एक उंच चढाईपटू एकटाच आम्हाला फोडत होता. मध्यंतरात मामा पहिल्यांदाच बाटली न देता बोलले. आवाज चढवला नाही.

"त्याच्या हाताकडं बघू नका. हात तो तुमाला फसवायलाच हलवतो. वळायच्या आधी त्याची डावी टाच उचलते. ती उचलली की संत्या, तू मोजू नको, विचार करू नको. जा."

"आणि चुकलं तर, मामा?"

"तर माझं चुकलं. तुझं नाय."

दुसऱ्या डावात त्या चढाईपटूला संतोषने आणि मधल्या जोडीने चार वेळा धरलं. आम्ही अठ्ठावीस-सत्तावीसने जिंकलो. पोरांनी मामांना उचलायला हात घातले तर ते रेषेबाहेर चपला शोधत होते. चषक आम्ही कल्याणला नेला आणि सरांच्या खाटेजवळ ठेवला. मामा दाराशी उभे होते. सर त्यांच्याकडे बघून हसले. त्या दोघांना बोलावं लागत नसे.

मग सर निवृत्त झाले आणि जागा निघाली.

अर्ज नऊ आले. एक मामांचा, बाकी कुणाचा भाचा, कुणाचा शेजारी, कुणाच्या शिफारशीचा फोन. प्राचार्यांनी मला बोलावलं. "सर, असं गुणपत्रक करा की कुणाला बोट ठेवता येणार नाही."

मी दोन रविवार बसून ते केलं. शिक्षण वीस, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र वीस, स्वतः खेळलेली पातळी पंधरा, मुलाखत पंधरा, आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून अनुभव तीस, दर स्पर्धेला ठरावीक गुण. मला त्या पत्रकाचा अभिमान होता. आजही मला ते वाईट वाटत नाही. त्या पत्रकामुळे तो भाचा घरी बसला, हे खरं आहे.

निवड समितीत चौघं होतो. संस्थेचे एक पदाधिकारी, ते अध्यक्ष. प्राचार्य. इतिहासाच्या गायकवाड मॅडम. आणि मी. मुलाखतींच्या आधी मॅडमनी पत्रकावर बोट ठेवलंच.

"सर, मुख्य प्रशिक्षक व्हायचं तर आधी कुठेतरी मुख्य प्रशिक्षक असायला हवं, असं हे म्हणतंय. मग माणसाने पहिल्यांदा व्हायचं कुठे?"

"दुसऱ्या एखाद्या कॉलेजात," मी म्हणालो.

"तिथेही तुमच्यासारखंच कुणीतरी पत्रक करत असेल."

अध्यक्ष हसले. "मॅडम, कुणाला गाडी शिकायची असंल तर आपलीच कशाला द्यायची? घासली तर?"

"अठरा वर्षं शेजारच्या सीटवर बसलेला माणूस आहे तो," मॅडम म्हणाल्या. "आणि अवघड वळणावर हात कुणाचा असतो ते सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं," मी म्हणालो, "आणि कागदावर असणं वेगळं. नियम ठरल्यावर एका माणसासाठी बदलता येणार नाही." हे वाक्य मी बरोबर बोललो होतो. त्यामुळेच ते मला जास्त लागतं.

मामा चौथे आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या. खेळाचं मैदान असो की प्राचार्यांची खोली, रेषा त्यांना कळत असे. प्राचार्यांनी सरावाबद्दल विचारलं, ते मोजकं आणि छान बोलले. मग अध्यक्षांनी माझं पत्रक हातात घेतलं.

"मुख्य प्रशिक्षक म्हणून एखादी तरी स्पर्धा? स्वतःच्या जबाबदारीवर?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात विनंती नव्हती. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आला की कोपऱ्यातला खेळाडू पाहतो, तसं ते होतं: हा कुठल्या बाजूला वळतो? मी तोंड उघडलं असतं तर शहापूरचा कागद बाहेर आला असता, सही बाहेर आली असती. चषक परत द्यावा लागला असता कदाचित. आणि परत न आलेले माझे सगळे अर्ज कुणीतरी पुन्हा काढून तपासले असते. मी स्वतःला सांगितलं, समितीच्या सदस्याने उमेदवाराच्या बाजूने साक्ष देऊ नये. असाही नियम आहे.

"नाय सर," मामा म्हणाले. "संघ गोसावी सरांचाच. मी मागं असायचो."

तीस गुणांच्या रकान्यात मी शून्य लिहिलं.

मामांना शंभरपैकी अडतीस मिळाले. राणे नावाच्या गृहस्थांना चौऱ्याऐंशी. तीन कॉलेजांचा अनुभव होता त्यांना. शहापूरची स्पर्धा धरली असती तर पत्रकाप्रमाणे मामांना दहा गुण वाढले असते. अठ्ठेचाळीस. तरीही ते हरलेच असते. हा हिशेब मी त्या आठवड्यात घरी बायकोला सांगितला. ती म्हणाली, "आपल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर एक महिना चुकला होता, तो दुरुस्त करायला तुम्ही तहसील कचेरीत तीन फेऱ्या मारल्या होत्या." एवढंच म्हणाली आणि पोळ्या करायला गेली.

राणे सर वाईट माणूस नव्हते. हे मला स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण अशा गोष्टीत बाहेरून आलेला माणूस नालायक निघाला की सांगणाऱ्याला बरं वाटतं. ते शिस्तीचे होते. त्यांनी मॅट आणली, वेळापत्रक आणलं, पोरांना दुखापतीनंतर नीट विश्रांती द्यायला शिकवलं. त्यांच्या दोन वर्षांत संघ दोन्हीदा उपांत्य फेरीपर्यंत गेला. गोसावी सरांची सरासरी याहून फार वेगळी नव्हती.

मामा त्यांच्या हाताखाली पाच महिने राहिले. तशीच बाटली, तसंच उकिडवं बसणं, फक्त आता ते पोरांना शब्द सांगत नसत. नुसतं पाणी. डिसेंबरातल्या एका सामन्यात विश्रामाच्या वेळी राणे सर बोलत होते, आणि मी दुसऱ्या खुर्चीवरून पाहिलं, सातही पोरांच्या माना हळूहळू मामांकडे वळल्या. राणे सर बोलायचे थांबले. मामांनी बाटली जमिनीवर ठेवली, उठले, चपला घातल्या आणि दोरीबाहेर प्रेक्षकांत जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते जिमखान्याची किल्ली घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"काय झालं, मामा?"

"पोरांची मान माझ्याकडं वळते सर. राणे सरांना ते बरं नाय दिसत. दोन माणसांकडं बघून खेळतील तर पडतील."

"मग पोरांना समजावून सांगू."

"मानेला काय समजावणार?" ते म्हणाले, आणि किल्ली ठेवून गेले. अठरा वर्षं गळ्यात घातलेली शिट्टी खिळ्यावरच राहिली.

दोन वर्षांनी राणे सरांना पुण्याकडे मोठी जागा मिळाली. ते गेले आणि जाहिरात पुन्हा निघाली. या वेळी मी गोसावी सरांकडे गेलो. सगळं सांगितलं, सहीसकट. म्हातारे सर म्हणाले, "मला चषक दाखवायला आणलात तेव्हा सांगायचं होतंत. मी त्याच दिवशी लिहून दिलं असतं." शहापूरला संघ मामांनीच चालवला, असं खरं प्रमाणपत्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं. ते घेऊन मी वैशाखऱ्याच्या एसटीत बसलो.

मामा ओट्यावर सुंभ वळत होते. बायकोला हाक मारली, "अगो, कॉलेजचे सर आलेत, चहा टाक." मी प्रमाणपत्र पुढे केलं आणि पाठ केलेलं सगळं बोललो. मी प्राचार्यांना कबुलीचं पत्र देणार आहे, जे व्हायचं ते होईल, तुम्ही अर्ज करा.

त्यांनी कागद वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"तुमी नका देऊ पत्र. कशाला आता."

"मामा, तेव्हा मी बोललो असतो तरी दहाच गुण वाढले असते. मी हिशेब केलाय. तरीही..."

"हारलो असतो ना?" ते म्हणाले. "हारलो असतो तरी चाललं असतं, सर. हारायची सवय हाय आपल्याला. खेळणारा माणूस मी. पण खेळलो होतो, एवढं कुणीतरी बोलायला पायजे होतं."

मी खाली बघत होतो.

"मी 'नाय' का बोललो ठाव हाय? मी बघितलं तुमच्याकडं. तोंडावर तुमच्या काय नव्हतं. पण टेबलाखाली तुमचे पाय खुर्चीच्या मागं सरकले. तवा समजलो, सर नाय येत पुढं. मग तुमाला कशाला अडकवायचं?"

चहा आला. आम्ही प्यायलो. निघताना मी विचारलं, हे विचारायचा मला हक्क नव्हता तरी विचारलं, "मामा, जमलं असतं तुम्हाला?"

ते सुंभाचं टोक चाचपत राहिले. "तीन दिवस जमलं. पण तीन दिवस कुणाला पण जमतं. सरांची खुर्ची शेजारी होती, छत्री ठेवलेली. ती खुर्ची माझीच असती तर संत्याला तसं बोललो असतो का? 'माझं चुकलं, तुझं नाय'? रोज बोलता येतं का तसं, पाच वर्ष, धा वर्ष?" मग हसले. "काय म्हाईत. ते बसल्याबिगर समजत नाय ना."

मी त्या उत्तरावर पुष्कळ विचार केला आहे. नव्या माणसाला मोठी जबाबदारी द्यावी का, या प्रश्नावर गायकवाड मॅडमच बरोबर होत्या असं मी आजही छातीठोक म्हणू शकत नाही. मामा कदाचित उत्तम दुसरे होते आणि साधारण पहिले झाले असते. अशी माणसं असतात. पण हे कळायचा रस्ता एकच होता, आणि त्यावर त्यांना उभं तरी करायला हवं होतं. मी संख्याशास्त्र शिकवतो. वर्गात मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगतो, नोंद नाही म्हणजे शून्य नव्हे. नोंद नसेल तिथे जागा कोरी सोडायची. त्या रकान्यात मला शून्य लिहिता येत नव्हतं. आकडे शिकवणाऱ्या माणसाला ते कळायला हवं होतं.

त्या जागेवर मामांनी अर्ज केला नाही. कबुलीचं पत्र मी तरीही दिलं. चौकशी झाली, मला लेखी समज मिळाली, चषक शहापूरला परत गेला. काचेच्या कपाटात त्याची जागा रिकामी आहे. संतोषने फोन करून मला एकच वाक्य ऐकवलं, "सर, खरं बोलायला पण टायमिंग लागतं." तो आता एका शाळेत कबड्डी शिकवतो.

गेल्या थंडीत मी धसईला मेहुण्याकडे गेलो होतो. बाजाराचा दिवस होता आणि पलीकडच्या मैदानात गावकीची कबड्डी स्पर्धा. मी दिसलो की लोक मला गुणलेखकाच्या टेबलाशी बसवतात, तसं बसवलं. दुपारच्या सामन्यात एका पाड्याचा संघ होता, बरोबर मोठं माणूस कुणी नाही. पत्रकावर प्रशिक्षकाच्या नावाची जागा कोरी होती. पोरं एकमेकांवर ओरडत होती आणि अकरा गुणांनी मागे होती. त्यांनी विश्राम मागितला आणि गोल करून भांडायलाच लागली.

प्रेक्षकांतून दोरीखालून एक माणूस आत आला. हातात बाजाराची पिशवी. रेषेशी थांबून त्याने चपला काढल्या, तेव्हा मी ओळखलं. मामा थोडे वाळले होते. त्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि सगळ्यात जास्त ओरडणाऱ्या पोराच्या हातात दिली. पोरगा पाणी पीत असताना ते काहीतरी बोलले. दोन-तीन शब्द असतील. टेबलापर्यंत ऐकू आले नाहीत. मग ते दोरीपाशी जाऊन उकिडवे बसले.

उरलेल्या वेळात त्या पोरांनी चौदा गुण केले, समोरच्यांनी चार. एका गुणाने ती हरली.

पंच सह्यांसाठी येत होते. मी पत्रकावरच्या त्या कोऱ्या जागेत, चांगल्या अक्षरात, लिहिलं: बाळाराम हरड.

मान वर केली तर ते टेबलासमोर उभे होते. पिशवी काखेत. त्यांनी वाकून वाचलं.

"हे कशाला लिवलंत, सर?"

"तुम्ही होतात ना."

"पोरं खेळली. मी पाणी दिलं नुसतं." त्यांनी हात पुढे केला. मी पेन दिलं. वाकड्या बोटांत ते नीट धरून त्यांनी माझ्या अक्षरावर एक सरळ रेघ मारली. मैदान आखताना मारत तशीच, न थांबता. "खोटं नका लिवत जाऊ," ते हसून म्हणाले, आणि पेन माझ्या हातात देऊन एसटीच्या थांब्याकडे गेले.

टेबलाखाली माझे पाय या वेळी पुढे होते. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.